धक्का की सोंग

"पूर्वी पंचाला शिवी दिली की ती पंचाला लागायची. आता कुणाला देऊ? त्या पेटीला?"

वरून आवाज आला, पाठोपाठ शेंगांची टरफलं आली. फेरपाहणीची, म्हणजे मैदानात घडलेलं पडद्यावर पुन्हा बघायची, खोली गॅलरीच्या पायऱ्यांखाली होती. पायऱ्यांच्या फटींतून टरफलं, चहाचे थेंब आणि जनतेचं मत हे सगळं तिथे सारख्याच वेगानं गळायचं. वर्षाराणीनं केसांतलं टरफल काढलं आणि पडद्यावरची नजर न हलवता कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"मला द्या की," शेजारचे आनंदराव मास्तर छताकडे बघून म्हणाले. "मी हाय अजून. मला सवय हाय."

मास्तर तीसेक वर्षं शिट्टी घेऊन या मैदानावर पळाले होते. तेवढ्या काळात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला होता, आणि तो करणाऱ्यांच्या लग्नांत ते आहेर घेऊन गेले होते. आता वय झालं म्हणून वर्षाराणीच्या जोडीला पडद्यासमोर बसायचे. शिव्यांवाचून त्यांना करमत नसे.

मैदानात चिंचेची तालीम आणि हौदावरची तालीम यांचा सामना चालू होता. कोल्हापुरात तालीम म्हणजे कुस्तीची, हे बाहेरच्यांना ठाऊक असतं. त्याच तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, आणि त्या संघांवरून सख्खे साडू एकमेकांच्या घरी वर्षभर पाणी पीत नाहीत, हे इथे आल्यावरच कळतं. अशा गावात फेरपाहणीच्या खोलीत बसायला सगळ्यांना चालेल असं माणूस शोधणं अवघड होतं. वर्षाराणी चिंचेच्या तालमीच्या गल्लीत जन्मलेली, आणि तिचा धाकटा भाऊ विश्वविजय त्याच तालमीचा कप्तान. तरी दोन्हीकडून तिच्याच नावाला होकार आला. कारण एकच. ती मैदानात शिट्टी घेऊन पळत होती तेव्हा तिनं एकदा या सख्ख्या भावाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं होतं. विशू सहा महिने बोलला नव्हता. भाऊबीजेला आला, पाटावर बसला, तोंड फुगवूनच ओवाळून घेतलं आणि लाडू मात्र डबा भरून घेऊन गेला. त्या दिवसापासून गावात वर्षाराणीच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

"विशू निघाला," मास्तर म्हणाले.

डावीकडून विशू चेंडू घेऊन घुसला होता. छत्तिशीचा गडी, केस पुढून विरळ झालेले, पण चेंडू अजून त्याच्या पायाशी पाळलेल्या मांजरासारखा घोटाळायचा. समोर हौदावरच्या तालमीचा इम्तियाज बागवान आडवा आला. विशू वळला, आणि धाडकन पडला. गॅलरीतून दोन्ही बाजूंनी एकदम आरोळी उठली, एक पेनल्टीसाठी आणि एक कार्डासाठी. मैदानातल्या पंचाचा, अभिनंदन चौगुलेचा आवाज वर्षाराणीच्या कानात आला.

"मॅडम, धक्का की सोंग?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. यंत्रानं उत्तर काढून ठेवलं होतं. तिनं माईकचं बटण दाबलं, आणि सगळ्या स्टेडियममध्ये तिचा आवाज घुमला.

"धक्का नाही. सोंग."

चौगुलेनं पिवळं कार्ड काढलं. विशू उठला, कपड्यांवरची माती झटकली, कार्डाकडे बघून मान हलवली आणि आपल्या जागेवर गेला.

तिथेच वर्षाराणीला काहीतरी खटकलं. हा माणूस नाणेफेकीचा कौल मान्य करायलाही पाच मिनिटं घ्यायचा. आणि सोंगाचं कार्ड त्यानं देवळातल्या प्रसादासारखं घेतलं.

*

या यंत्राला गावानं नाव दिलं होतं नाडी. कागदोपत्री नाव लांबलचक होतं, ते कुणी उच्चारत नसे.

पाय हलायच्या आधी मेंदूकडून स्नायूंना हुकूम जातो. हुकूम पोचला की स्नायूत विजेची एक बारीक लहर उठते, आणि मग, पापणी लवायच्याही आत, पाय हलतो. ही लहर मोजायला पूर्वी दवाखान्यात सुया टोचत. नंतर कुणाला तरी सुचलं, की चांदीचा मुलामा दिलेला धागा कापडात विणला तर ते कापडच लहर टिपेल. इचलकरंजीच्या मागांवर असे मोजे आणि चड्ड्या निघायला लागल्या. खेळाडूंनी त्या घातल्या की बावीस जणांच्या पायांतले हुकूम पडद्यावर रेषा होऊन धावायचे, आणि भोवतीचे कॅमेरे कोण कुणाला कुठे लागला ते दाखवायचे.

आता पाडलेला माणूस आणि मुद्दाम पडलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. पण आतला क्रम उलटा असतो. पाडलेल्याला आधी धक्का लागतो, मग त्याचे स्नायू घाबरून धडपडतात. सोंग करणाऱ्याचं पडायचं आधीच ठरलेलं असतं, म्हणून धक्का लागायच्या आधीच पाय सैल पडतो. साध्या व्हिडिओला हे दिसत नव्हतं. चित्र दहा वेळा फिरवलं तरी दहा जण दहा गोष्टी सांगायचे. नाडी एका दमात सांगायची. नियमपुस्तकात त्यासाठी दोन शब्द ठरले, धक्का आणि सोंग. धक्का असेल तर समोरच्याला शिक्षा, नसेल तर ते सोंगच धरायचं आणि पडणाऱ्याला पिवळं कार्ड.

गावानं ही नवलाई आपल्या पद्धतीनं पचवली. एका सासूबाईंनी सुनेची कंबर खरंच दुखते का बघायला एक मोजा मागितला. सुनेनं तोच मोजा आधी सासूबाईंच्या सांधेदुखीला बांधू म्हटल्यावर विषय मिटला. एका मुख्याध्यापकांनी सोमवारी सकाळी पोरांच्या पोटांना बांधायला पट्टा मिळेल का अशी चौकशी केली. शेवटी फुटबॉल संघटनेनं मोजे कुलपात ठेवले.

पण एक गोष्ट कुलपात ठेवता येण्यासारखी नव्हती. आठवडाभर पुरणारं भांडण आता चहा गार व्हायच्या आत संपायचं. पेनल्टी होती की नव्हती यावर ज्या कट्ट्यांवर जावईसुद्धा सासऱ्याला अरे-तुरे करायचे, तिथे माणसं आता हवापाण्याचं बोलायची. मास्तर म्हणायचे, न्याय आला आणि गप्पा गेल्या.

उरली ती फक्त फलकांची मजा. ज्याला सोंगाचं कार्ड मिळे, त्याचा मोठा फलक दुसऱ्या दिवशी समोरच्या पेठेच्या चौकात लागायचा. डोक्यावर कागदी मुकुट, गालाला रंग, रंगपंचमीच्या सोंगासारखा. सकाळी वर्षाराणी भाजीला निघाली तेव्हा हौदावरच्या चौकात विशू असाच उभा होता, हातात गदा घेऊन. खाली लिहिलं होतं: 'अभिनयसम्राट विश्वविजय यांचा या मोसमातील तिसरा प्रयोग. रसिकांच्या आग्रहास्तव.'

लोक हसत होते. वर्षाराणीलाही हसू आलं, मुकुट त्याला खरंच शोभत होता. पण ती भाजी न घेताच संघटनेच्या कचेरीत गेली आणि तिनं कालचं पडणं पुन्हा लावलं.

निकाल तिनं बघितला नाही, तो माहीत होता. तिनं रेषा बघितल्या.

सोंग करणाऱ्याच्या रेषा झोपलेल्या असतात. विशूच्या रेषा डोंगरासारख्या उसळल्या होत्या. मांडीतला, पोटरीतला एकूण एक स्नायू उभं राहायला झटत होता. हुकूम वेळेवर निघाला होता, वेळेवर पोचला होता, पाळलाही गेला होता. फक्त मध्ये गुडघा नव्हता. म्हणजे होता, पण कॅमेऱ्याचं चित्र सावकाश फिरवलं की मांडी एकीकडे आणि नडगी दुसरीकडे सरकताना दिसत होती, उघडझाप करून बिजागरी झिजलेल्या दारासारखी. तिनं या मोसमातलं त्याचं प्रत्येक पडणं काढलं. सगळीकडे तेच. कुणी ढकललं नव्हतं आणि तो मुद्दाम पडला नव्हता. प्रत्येक वेळी त्यानं उभं राहायची शर्थ केली होती, आणि प्रत्येक वेळी तिनं माईकवरून गावाला सांगितलं होतं की हा सोंग करतोय.

"मास्तर, हे बघा."

मास्तर कचेरीत वर्तमानपत्र वाचत होते. ते आले, त्यांनी पाहिलं, आणि मग चष्मा काढून तो धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

"नियमात दोनच शब्द हायेत, वर्षा."

"हे तिसरंच काहीतरी आहे."

"तिसऱ्याला रकाना न्हाई. चहा सांगू का?"

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"चहाचं? आत्ताच आठवलं," मास्तर म्हणाले आणि स्वतःच सांगायला बाहेर गेले.

मग तिनं समोरच्याच्या रेषा लावल्या. इम्तियाजच्या उजव्या पायाला हुकूम गेला होता, चेंडू काढ. पाय निघाला होता. आणि अर्ध्यात हुकूम मागे घेतला गेला होता. विशूच्या डाव्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर इम्तियाजनं आपला पाय ओढून धरला होता. तिनं आधीचे सामने काढले. इतर तालमींचे बचावपटू, सगळे एकजात दांडगट. वडील आडवे आले तरी पाय घालतील असे. पण विशूच्या डाव्या अंगाला आले की एकेकाच्या पायाला आतून लगाम लागत होता.

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त कुणी बोलत नव्हतं.

*

संध्याकाळी ती बाजारात इम्तियाजच्या फळांच्या गाड्यावर गेली.

"आक्का, द्राक्षं घ्या. खास तुमच्यासाठी काढलीत."

"काल तू पाय का मागं घेतलास?"

"कुठला पाय?"

"उजवा. चेंडू मिळत होता तुला."

इम्तियाजनं एक घड उचलला, त्यातला खराब मणी शोधायला लागला. "आक्का, तुमचं ते यंत्र लई चोंबडं हाय."

"मी विचारतेय, यंत्र नाही."

"विशूदादाला पाडायचं म्हणून मी बचावाला खेळायला लागलो. खोटं न्हाई सांगत. पोरवयात वहीवर लिहिलं होतं, याला एक दिवस पाडणार. तवा पाडता आला न्हाई, वाऱ्यागत निघून जायचा." त्यानं तो मणी खुडून टाकला. "आणि आता..."

"आता काय?"

"आता द्राक्षं गोड झालीत. किलोभर देऊ?"

ती किलोभर द्राक्षं घेऊन आली. ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन तिनं कुणाचं नाव न घेता विचारलं, असा गुडघा घेऊन कुणी खेळत राहिलं तर काय होईल. डॉक्टरीणबाई द्राक्षं खात म्हणाल्या, "चार-दोन सामने खेळेल. मग एक दिवस असा पडेल की उरलेला जन्म काठी घेऊन चालेल. वेळेत थांबला तर पोरीच्या लग्नात नाचेलसुद्धा." आणि मग सहज म्हणाल्या, "विशूला माझा नमस्कार सांगा."

*

रविवारी माहेरी जेवण होतं. विशू, आई आणि ती. विशूची बायको लेकीला घेऊन तिच्या माहेरी गेली होती. आईनं मटण केलं होतं आणि सकाळपासून विशूच्या गुडघ्याला तेल चोळलं होतं. घरभर दोन्ही वास होते.

"थंडीनं आखडतंय जरा," आई म्हणाली. एप्रिल चालला होता. पंखा पाचावर होता.

विशू जेवायला बसला तो आधी भिंतीला हात लावून, मग खुर्चीला, मग टेबलाला. त्या वेळात आईनं मिठाची बरणी उघडून पाहिली आणि बंद केली. वर्षाराणीनंही पाण्याच्या तांब्यात डोकावून पाहिलं, आणि स्वतःचाच राग आला तिला.

"विशू, परवा तू पडलास ना..."

"भाकरी घे," आई म्हणाली.

"आहे मला. पडलास तेव्हा..."

"रस्सा वाढू तुला? पातळ झालाय का जरा?"

"छान झालाय. आई, मला जरा बोलू दे."

"बोल की. तुला कोण अडवलंय? तुझ्या नणंदेच्या जागेचं काय झालं सांग."

नणंदेच्या जागेचं सांगण्यात जेवण संपलं. नंतर विशू अंगणात बाजेवर पाय लांब करून बसला. वर्षाराणी त्याच्या शेजारी बसली. भिंतीपलीकडे चिंचेच्या तालमीची पोरं त्याच्या नावानं घोषणा रंगवत होती. शनिवारी अंतिम सामना होता, पुन्हा याच दोन तालमींचा.

"आक्का, फलक बघितलास? गदा हातात दिली रांडंच्यांनी. मला मिशी काढायला पाहिजे होती, नाही?"

"मुकुट चांगला होता."

दोघं हसली.

"शनिवारी मी पडलो तर काय म्हणशील?"

"पडू नकोस."

"ते आपल्या हातात असतंय का?" त्यानं पाय जरा सरळ केला, हातानं उचलून. "सोंग म्हण. नियमात बसतंय न्हवं? मग सोंगच म्हण. सोंगाड्याला शिव्या पडत्यात, मुकुट घालत्यात, पण पुढच्या मोसमाला संघात नाव असतंय त्याचं."

"आणि दुसरं काही म्हटलं तर?"

"दुसरं काय म्हणणार? दोनच शब्द हायेत." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "लाल कार्ड दिलंस तवा मी परत आलो, आक्का. दर वेळी येईनच असं न्हाई."

आतून आईनं हाक मारली, कलिंगड कापलंय.

वर्षाराणीला रात्रभर झोप लागली, ती तशी झोपेची पक्की होती. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच आला. नियम तिच्या बाजूला होता. यंत्र तिच्या बाजूला होतं. भाऊ स्वतः म्हणत होता, सोंग म्हण. आईपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे तोच शब्द तिच्या हातात देत होते. तो शब्द एकदा म्हटला की विशूचा फुटबॉल वाचत होता आणि विशूचा पाय जात होता. दुसरं काही म्हटलं तर पाय वाचला असता, आणि कदाचित भाऊ गेला असता.

*

शनिवारी स्टेडियम असं भरलं, की गॅलरीखालच्या खोलीत टरफलांचा पाऊसच पडत होता. मास्तर टोपी घालून बसले होते.

विशूनं पूर्वार्धात गोल केला. धावून नाही. तो उभा होता तिथेच उभा राहिला, नुसती नजर उजवीकडे टाकली, हौदावरचे तीन जण त्या नजरेमागे धावले, आणि त्यानं डाव्या कोपऱ्यात चेंडू अलगद ठेवला, देवापुढे फूल ठेवावं तसा. वरच्या गॅलरीतला तक्रारखोर आवाज म्हणाला, "याला सोंग येतंय खरं, पण सोंगात बी कला हाय." थोड्या वेळानं विशू चौगुलेशी एका थ्रोवरून एवढं भांडला की त्याला पिवळं कार्ड मिळालं. वर्षाराणीला त्यानं बरं वाटलं. भाऊ जागेवर होता.

उत्तरार्धात हौदावरच्यांनी बरोबरी केली. वेळ संपत आली. तेव्हा चेंडू विशूकडे आला, पेनल्टीच्या चौकोनाच्या तोंडाशी, समोर इम्तियाज.

विशूची एक गिरकी होती. डाव्या पायावर सगळा भार देऊन तो असा फिरायचा की समोरचा दुसऱ्याच दिशेला निघून जायचा. त्या गिरकीसाठी लोक दुसऱ्या तालुक्यांतून यायचे. गेली दोन वर्षं ती कुणी पाहिली नव्हती. विशूनं ती घेतली. इम्तियाज बिचारा खरोखरच दुसरीकडे गेला, मनापासून फसला. गोल समोर मोकळा होता. सगळं स्टेडियम उभं राहिलं. आणि विशूचा डावा पाय त्याच्या अंगाखालून निघून गेला.

तो पडला. चेंडू हळूहळू घरंगळत गोलरक्षकाच्या हातात गेला.

चौगुलेनं शिट्टी मारली. आरोळी उठायला हवी होती. थोडी उठली, आणि विरली.

"मॅडम." चौगुलेचा आवाज खाली आला होता. "धक्का की सोंग?"

पडद्यावर यंत्रानं आपलं उत्तर मांडलं होतं, रोजच्यासारखं. धक्का नाही. म्हणजे सोंग. म्हणजे दुसरं पिवळं, म्हणजे लाल. विशू बाहेर, तालीम दहा जणांवर, उद्या चौकात फलक, आणि पुढच्या मोसमाला संघात नाव.

"म्हण आणि मोकळी हो," मास्तर म्हणाले. "नियम तुझ्या बाजूला हाय. दुसरं काही बोललीस तर म्हणतील, भावाचं कार्ड वाचवलं. एवढ्या वर्षांचा शब्द तुझा, पोरी."

मैदानात विशू बसता झाला होता. तो गॅलरीखालच्या खोलीच्या खिडकीकडे बघत होता, आणि त्यानं हवेत बोटांनी एक चौकोन काढला. कार्ड. मला कार्ड दे. मग त्यानं दोन्ही तळवे जमिनीला टेकून उठायचा प्रयत्न केला. पाय लटपटला. तो पुन्हा बसला. इम्तियाजनं हात पुढे केला, तो विशूनं घेतला नाही. पुन्हा तळवे टेकले, पुन्हा उठायला गेला.

तेव्हा वर्षाराणीनं एक पाहिलं. स्टेडियममधली माणसं दुसरीकडे बघायला लागली होती. कुणी चपलेकडे, कुणी आकाशाकडे. चिंचेच्या तालमीचा प्रशिक्षक पाण्याच्या बाटल्या सारख्या करत होता. चौगुले घड्याळ बघत होता. खेळाडू बुटाच्या नाड्या बांधत होते, सुटलेल्या नसताना. आई समोरच्या कट्ट्यावर बसली होती आणि पिशवीत काहीतरी शोधत होती. मैदान भरून माणसं, आणि मधोमध एकटा माणूस उठायला झटत होता. त्याच्याकडे बघत होतं ते फक्त यंत्र. पडद्यावरच्या रेषा पुन्हा पुन्हा डोंगरासारख्या उसळत होत्या.

तिनं बटण दाबलं.

"धक्का नाही," ती म्हणाली.

हौदावरच्या बाजूनं आरोळी उठली. विशूनं मान हलवली, सुटल्यासारखी.

"आणि सोंगही नाही."

आरोळी अर्ध्यात थांबली. मग दोन्हीकडून एकदम शिव्या आल्या, भरघोस, जुन्या काळासारख्या. कुणी म्हणालं भावाला वाचवलं, कुणी म्हणालं पेनल्टी खाल्ली. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान आलं होतं.

"मॅडम," चौगुले कानात कळवळून म्हणाला, "तिसरा शब्द न्हाई वो पुस्तकात. मी काय देऊ?"

"काही देऊ नका. त्याच्यासाठी स्ट्रेचर बोलवा आणि दुसरा खेळाडू उतरवा."

विशू मैदानात जोरजोरानं मान हलवत होता. नको, आक्का. हात जोडलेले. इतक्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो चेहरा तिला दिसायची गरज नव्हती. पाटावर बसून तोंड फुगवणारा तो चेहरा तिला त्याच्या पहिल्या दातापासून पाठ होता. तो आता आयुष्यभर फुगलेला राहिला तरी चालेल, असं ती स्वतःला म्हणाली. चालणार नव्हतं, पण म्हणाली.

माईक अजून चालू होता. शिव्या ओसरल्या. लोक वाट बघत होते, आणि आता कुणी चपलेकडे बघत नव्हतं.

"विश्वविजय सरनोबत कधीच मुद्दाम पडलेला नाही," वर्षाराणी म्हणाली. आवाज जरा हलला, तो तिनं सावरला नाही. "या मोसमात मी जेवढ्या वेळा सोंग म्हटलं, तेवढ्या वेळा तो उभं राहायला बघत होता. त्याचा गुडघा गेलाय. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, त्याला तर आहेच." मग ती पंचाची भाषा सोडून घरच्या आवाजात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "विशू, बाळा, तुझं खेळणं संपलं."